क्रुसापुढचे बोंबील

"मॅडम, माथे पे कुछ काला लगा है," लिफ्टमधले चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले आणि खिशातून रुमाल काढून त्यांनी पुढेही केला. भला माणूस.

"राख है," मी म्हणाले.

"किस की?"

विचारता विचारता ते अर्धं पाऊल मागे सरकले. लिफ्टमध्ये सरकायला जागा तरी किती असणार! "नारियल के पत्तों की," मी म्हणाले, तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. हसले. चौथ्या मजल्यावर उतरताना पुन्हा एकदा माझ्या कपाळाकडे बघून गेले.

राखेचा बुधवार आला की दर वर्षी मीरा रोडला असं काहीतरी होतंच. शांती नगरच्या आमच्या सेक्टरात सगळ्या तऱ्हेची माणसं राहतात. कपाळावरचं कुंकू त्यांना कळतं, गंध कळतं, टिळा कळतो. ही काळपट बोटभर खूण कळत नाही. आणि समजावून सांगायचं तर किती सांगणार? की आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी ज्या झावळ्या हातात धरून आम्ही देवाचा जयजयकार करत चालतो, त्याच घरी आणून तसबिरीमागे खोचतो. त्या तिथे वर्षभर सुकतात. चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या तोंडावर त्या चर्चमध्ये परत द्यायच्या. तिथे जाळतात, आणि त्यांची राख आमच्या कपाळी येते. जयजयकार केलेल्या पानांची राख. मी नुसतं 'नारियल के पत्ते' म्हणाले, तेही काही खोटं नव्हतं.

कपाळाला राख लागली की माझ्या अंगावर काटा येतो. धर्मामुळे येत असेल, नाही म्हणत नाही. पण त्याहून जास्त एका वर्षामुळे येतो.

हे दिवसच तसे असतात. खाली गेटपाशी पोरं पॅड काखेत मारून रिक्षाची वाट बघत असतात, त्यांच्या आया शेवटच्या मिनिटाला तोंडात दही-साखर भरवत असतात. पीतमोहर रस्त्यावर पिवळा सडा टाकतो आणि तो रिक्षांच्या चाकांखाली चिरडून काळा होतो. दुपारचं ऊन खिडकीच्या लोखंडाला चिकटून बसतं. आणि शुक्रवारी आमच्या घरात मटण-कोंबडी शिजत नाही, म्हणून तव्यावर सुके बोंबील भाजले जातात. मग सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितं, 'प्लीज विंडो बंद रखिए, बहुत स्मेल आ रहा है.' नाव घेत नाहीत. घ्यायची गरज नसते. माझा अंगठा उत्तर टाइप करायला शिवशिवतो. मी सरळ तोंडाची बाई आहे, कुणाचं ऐकून घेणाऱ्यांतली नाही. पण वास या शब्दापाशी मी थबकते. त्या शब्दाने काय होतं ते मी जवळून बघितलंय.

आमचं गाव भाईंदरच्या पश्चिमेला, समुद्राच्या कडेचं. एका अंगाला आम्ही ख्रिस्ती, दुसऱ्या अंगाला हिंदू कोळी, आणि मध्ये भिंत म्हणाल तर गुडघ्याएवढी. माझे वडील लॉंचवर खलाशी. घरात माझ्या आधी कुणी कॉलेजचा जिना चढलं नव्हतं. मी चढले. हे मी अभिमानाने सांगते, कारण त्यासाठी आमच्या घराने काय केलं ते मला माहीत आहे. आई तर बाजारात अनोळखी बाईलाही सांगायची, "माझी सिल्वी बीए करतेय." समोरची बाई मासळी निवडत असायची, तिला काय त्याचं!

आई म्हणजे रोझी. आमच्या वाडीत प्रार्थना सांगायची ती. घरोघरची रोझरी असो, मयताची प्रार्थना असो, उपवासकाळातल्या शुक्रवारची क्रुसाची वाट असो, पुस्तक आईच्या हातात. आवाज असा की शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्यालाही खाटेवर पडून ऐकू जावं. आणि गोड. खरंच गोड. त्या आवाजात ती देवाशी बोलायची तेव्हा मला वाटायचं, देव कान देऊन ऐकत असणार.

त्याच तोंडाने ती माणसांशीही बोलायची, हीच अडचण होती.

"काय गो, नवऱ्याने टाकली का, सारखी माहेराला दिसतेस?" हे चांगल्या घरच्या लेकीला. "तुझ्या पोराचं डोकं हाय का नारळ?" हे शेजारणीला. लोक हसायचे. ज्याला बोललं तोही हसायचा, कारण न हसून करतो काय? वर म्हणायचे, "रोझीचं तोंड फाटकं, पण मन साफ." ते खोटंही नव्हतं. कुणाच्या घरी बाळंतीण असली तर आई रात्रंदिवस तिथे. शेजारच्या हिरामावशीचा नवरा वारला तेव्हा तिच्या चुलीवर दहा-बारा दिवस आईनेच हात चालवला. माया तिच्या हातांत होती. पण हात बघायला जवळ यावं लागतं, आणि तोंड लांबूनही ऐकू येतं. मन साफ आहे की नाही, ते कोण उघडून बघणार होतं?

हिरामावशी आमची भिंतीपलीकडची. कोळीण. तिच्या घराला माळा होता, वाऱ्याचा. आमच्या एका खोलीत अभ्यास होईना म्हणून कॉलेजची तिन्ही वर्षं मी तिच्या माळ्यावर वाचत बसले. खाली जाळी, वर मी आणि माझं राज्यशास्त्र. शेवटच्या वर्षी तिच्या नितेशचं लग्न झालं आणि वैशाली घरात आली.

वैशाली चेण्याची. घोडबंदर रोडच्या कडेचं, डोंगराला टेकलेलं ते गाव. तिच्या घरी भातशेती, उन्हाळ्यात वाल आणि काकड्या. समुद्र तिने लग्नाआधी लांबून बघितलेला. आली तेव्हा ओल्या मासळीच्या वासाने तिला मळमळायचं, पण बोलायची नाही. पदराचं टोक नाकाशी धरून कामाला लागायची. मला चहा द्यायला माळ्यावर यायची आणि दोन घटका बसायची. "मोठ्याने वाच ना," म्हणायची. "मला काय समजत न्हाय, पण बरं वाटतं." बारावीपर्यंत शिकलेली. सही करताना आडनावाखाली लांब रेघ मारायची आणि त्या रेघेचं तिला कौतुक होतं.

बोंबील सुकवायला ती शिकली त्या हिवाळ्यात. बांबूंच्या मांडवाला आमच्याकडे वलांडी म्हणतात. बोंबील त्याच्यावर नुसते टाकत नाहीत. दोन-दोनची जोडी करायची. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. वारा कितीही सुटो, तोंडात तोंड अडकलेलं, ते सुटत नाही. पण बोंबलाचे दात बारीक, सुईसारखे. नवख्या बाईच्या बोटांची चाळण होते. वैशालीची झाली. हिरामावशी म्हणायची, "राहू दे बाय, मी करते." ती ऐकायची नाही. महिन्या-दोन महिन्यांत तिचा हात असा बसला की मावशीच तिच्याकडे बघत राहायची. मग एक दिवस नितेशने तिला तिची स्वतःची वलांडी बांधून दिली. जागा तिनेच निवडली. वाडीच्या टोकाला दगडी क्रूस आहे, त्याच्या पलीकडे. तिथे समुद्राचा वारा थेट येतो.

जागा कुणाची नव्हती. सगळ्यांची होती.

उपवासकाळातला दुसरा का तिसरा शुक्रवार. संध्याकाळी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या मरणवाटेची प्रार्थना, घराघरांपुढे थांबत, गुडघे टेकत पुढे सरकायची आणि शेवटी दगडी क्रुसापाशी संपायची. आई पुढे, हातात पुस्तक. मागे आम्ही सगळे. क्रुसापाशी आलो तर वैशाली वलांडीवर जोड्या टाकत होती. पहिल्यांदाच एवढा माल तिने एकटीने घातला होता. आम्हाला बघून ती बाजूला झाली, डोक्यावर पदर घेतला, हात जोडून उभी राहिली. वारा आमच्याकडे होता.

आई थांबली. पुस्तकात बोट घालून तिने ते मिटलं.

"क्रुसापुढं हा वास! ही जागा सापडली का गो तुला?"

वैशालीचे जोडलेले हात खाली आले.

"तुला काय कळणार म्हणा. रानातली आणलीय. देव आणि उकिरडा एकच हिला." मागे कुणीतरी फिसकन हसलं. हसू ऐकलं की आईला जोर चढायचा. "आता हिने आंघोळीला अख्खी विहीर उपसली तरी हिच्या अंगाचा वास जायचा न्हाय!"

आणखी दोघी-तिघी हसल्या.

आईने पुस्तक उघडलं आणि त्याच श्वासात प्रार्थना धरली. तोच गोड आवाज. आम्ही सगळे गुडघ्यांवर बसलो. मीही बसले. आणि आमच्या प्रार्थनेच्या मागे मला वैशालीचा आवाज येत राहिला, म्हणजे तिच्या हातांचा. ती जोड्या उतरवत होती. ओले, धड न वाळलेले बोंबील दोरीवरून सुटून टोपलीत पडताना एक बारीक चप् आवाज होतो. आम्ही देवाच्या मरणाची आठवण करत होतो आणि मागे चप्, चप्, चप्. आमेन म्हणून उठलो तेव्हा वलांडी रिकामी होती.

अर्धवट सुकलेला बोंबील टिकत नाही. दुसऱ्या दिवशी तो सगळा माल मावशीने समुद्रात टाकला.

घरी येऊन आईने आमच्या ताटात काय वाढलं? शुक्रवार होता. सुक्या बोंबलाची चटणी. मावशीने आदल्या आठवड्यात दिलेले, वैशालीच्या हातचे. आई बोटं चाटत म्हणाली, "या साली माल चांगला हाय." मी ताटाकडे बघत राहिले. तिला दिसतच नव्हतं. आजही मला त्याचीच जास्त भीती वाटते. तिने दावा साधून काही म्हटलं नव्हतं, बोलून ती विसरूनही गेली होती. शब्द तोंडातून गेला की तिच्यापुरता संपायचा. ज्याच्या कानात गेला त्याच्यापाशी तो राहायला जातो, हे तिच्या गावीही नव्हतं.

वैशालीपाशी तो राहायला गेला.

आधी ती माळ्यावर यायची बंद झाली. चहा मावशीच आणायची. मग मागच्या दारी तिचा हात धुण्याचा आवाज यायचा, पुस्तकातून माझं लक्ष उडायचं. लिंबू चोळायची, हळद चोळायची. मग कपड्यांची पावडर. बोंबलाच्या दातांनी आधीच सोललेली बोटं, त्यावर पावडर. एकदा मी खाली उतरून म्हटलं, "वैशाली, पुरे ना." तिने हात पाठीमागे घेतले आणि विचारलं, "अजून येतो का गो?"

"काय?"

"वास."

"नाही येत," मी म्हणाले. तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. मी रोझीची मुलगी होते.

मग नितेशच्या जवळ झोपेना. मग घरात जेवेना. आणि एका सकाळी पिशवी भरून चेण्याला गेली. तिच्या आईला बरं नाही, दोन दिवसांत येते, असं सांगून. दोन दिवस गेले, आठवडा गेला. नितेश आणायला गेला तर त्याला दारातूनच परत पाठवलं. "माझ्या अंगाला वास येतो. दुसरी करा," म्हणाली. नितेश येऊन माळ्याच्या शिडीखाली बसून राहिला. एवढा धिप्पाड माणूस, होडी एकट्याने ओढणारा. वाडीत कुजबुज सुरू झाली, सोडचिठ्ठीची भाषा झाली. लग्नाला वर्षही नव्हतं.

मी पुस्तकं उचलली. कोणत्या तोंडाने त्या माळ्यावर बसणार होते? परीक्षा तोंडावर, पण म्हटलं नको. भिंत ओलांडणार तोच हिरामावशीने हाक मारली.

"कुठं चाललीस?"

"घरी. तिकडेच वाचते आता."

"त्या घरात तुझा बाप घोरतो, रेडिओ ओरडतो. चल, वर बस." मी हलले नाही. तेव्हा ती माझ्या हातातली पुस्तकं काढून घेत म्हणाली, "तोंड तुझ्या आईचं हाय. तुझं न्हाय. जा वर."

मी वर गेले आणि खूप वेळ एकही ओळ वाचली नाही. शेजारधर्म, क्षमा, प्रेम यांवर मी लहानपणापासून इतकी प्रवचनं ऐकलीत! त्या दिवशी एका कोळणीने जाळ्याच्या ढिगाजवळ उभं राहून जे म्हटलं, त्यापुढे मला कुठलंच आठवेना.

आईशी मी बोलले. म्हणजे भांडलेच. "खरं बोलायला मी कुणाच्या बापाला घाबरत न्हाय," ती म्हणाली. "वास येत नव्हता का? तू सांग." मी म्हटलं, "येत होता. बोंबलाला येतो. तू बाईला म्हणालीस." ती भांडी आपटायला लागली. "एवढ्याशा बोलण्याने कुणी घर सोडतं का? तिच्या मनात आधीच काही असणार." वडील खाटेवरून म्हणाले, "रोझे, जाऊन ये एकदा." आई म्हणाली, "तुम्ही झोपा."

पण तिला झोप नव्हती, हे मी बघत होते. प्रार्थना सांगताना ती क्रुसापाशी आली की तिचा आवाज घाईत यायचा. रिकाम्या वलांडीकडे पाठ करून उभी राहायची.

मग पापनिवेदनाचे दिवस आले. पुनरुत्थानाच्या सणाआधी आमची सगळी वाडी फादरपुढे गुडघे टेकते. आई गेली. परत आली तेव्हा चेहरा असा हलका, जणू ताप उतरलाय. चहा टाकला, मला हाक मारून दिला, स्वतः पायरीवर पाय सोडून बसली.

"सांगितलं मी फादरला. ते वैशालीचं."

"मग?"

"मग काय? प्रार्थना दिल्या म्हणायला. म्हटल्या मी तिथंच. झालं, सुटले."

तिच्या चेहऱ्यावर खरंच सुटकेचा आनंद होता. मला राग आला, पण त्याआधी नवल वाटलं. आमच्याच माणसांना सुचेल असा हा रस्ता. घाव एका दारी घालायचा आणि पट्टी दुसऱ्या दारी बांधून यायची.

"आई," मी म्हटलं, "तू फादरला म्हणाली होतीस का, तुमच्या अंगाचा वास जायचा नाही म्हणून?"

"काय बोलतेस गो!"

"मग त्यांना कशाला सांगितलंस?"

तिने माझ्याकडे बघितलं. चहाचा कप तसाच हातात. मला वाटलं आता कानाखाली बसते. बसली नाही. ती उठून आत गेली आणि तिने दिवा लावला नाही, संध्याकाळ होऊन गेली तरी.

झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या आमच्या वाडीला दर वर्षी हिरामावशीच्या माडांवरून यायच्या. तिच्या सासऱ्यापासूनची रीत. आदल्या दिवशी कोवळ्या झावळ्या तोडून, भारा बांधून आमच्या दारात ठेवायच्या आणि आईने त्या घरोघर वाटायच्या. त्या वर्षी आई सकाळपासून म्हणत होती, "या साली त्यांच्याकडनं येणार न्हाय. दुसरीकडे बघावं लागेल." पण बघायला काही जात नव्हती. दारातच उगाच झाडत होती.

दुपारी नितेश भारा घेऊन आला. मागे मावशी. नितेशने भारा उतरवला आणि आईकडे न बघता परत गेला. आई झाडू धरून उभी.

"हिराबाय, मला वाटलं—"

"देवाच्या झावळ्या हायत," मावशी म्हणाली. "त्यांनी काय बोललंय कुणाला?"

एवढंच. वळून निघाली. भिंतीपाशी गेल्यावर थांबली, म्हणाली, "पोर जेवत न्हाय गो रोझे," आणि पलीकडे उतरली.

रविवारी सगळी वाडी झावळ्या हलवत गात चालली होती. आईच्या हातातही झावळी होती. ती गात नव्हती. मी तिच्या बाजूला होते, मला माहीत आहे. ओठ हलत होते, आवाज नव्हता. सोमवारी सकाळी मी माळ्यावर जायला निघाले तर नवं लुगडं नेसून ती दारात उभी.

"चेण्याला बस कुठनं मिळते?"

परीक्षा डोक्यावर होती. तरी गेले तिच्याबरोबर. भाईंदरला बस बदलली, काशिमीऱ्याला पुन्हा बदलली. घोडबंदर रोडवर ट्रकच्या रांगा, धूळ, डाव्या हाताला खाडीची चमक. आई खिडकीशी बसून पुटपुटत होती. मला वाटलं रोझरी म्हणते. कान दिला तर, "बाय, माझं चुकलं... वैशाली, तुझ्या काकीचं..." घोकत होती. माझ्यासारखीच. परीक्षेला निघाल्यासारखी.

वैशालीचं घर शेताच्या कडेला. अंगणात वालाच्या शेंगा वाळत होत्या. तिच्या आईने पाणी दिलं, नाव विचारलं, आणि नाव ऐकल्यावर तिचा चेहरा दगड झाला. तरी पाण्याचा तांब्या मागे नाही घेतला. वैशाली आतून आली आणि ओट्याच्या अगदी टोकाला बसली. आमच्यापासून लांब, वारा आमच्याकडून तिच्याकडे जाईल अशा बाजूला. हे तिने ठरवून केलं नव्हतं. तिला सवय झाली होती. हात पदराखाली.

आई सरकून तिच्याजवळ गेली. वैशाली आणखी सरकली. आई आणखी सरकली. ओटा संपला.

"वैशाली," आई म्हणाली आणि थांबली. घोकलेलं सगळं गेलं. शंभर माणसांपुढे न अडखळणारी बाई. तोंड उघडायची, मिटायची. शेवटी म्हणाली, "चुकले गो मी. मला तसं न्हाय बोलायला पाहिजे होतं."

वैशाली पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. मग बोलली, पण आवाज चढवून नाही.

"रोझीकाकी, तुम्ही सगळ्यांसमोर बोलल्या. लोक हसले. आता हितं रानात येऊन एकटीला सांगताय." मग म्हणाली, "जे हसले, ते अजून तेच ऐकून हायत ना?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी. न्याय म्हणजे काय यावर मी पानंच्या पानं लिहिणार होते त्या आठवड्यात. वैशालीने ते ओट्यावर बसून सांगून टाकलं.

येताना आई बसमध्ये काहीच पुटपुटली नाही.

गुड फ्रायडेच्या सकाळी क्रुसाची वाट असते. सगळी वाडी येते, परगावी गेलेलेही येतात. ऊन चढलेलं, पायांखाली वाळू तापलेली. आई पुढे चालली. घर, गुडघे, प्रार्थना. घर, गुडघे, प्रार्थना. जसजसा दगडी क्रूस जवळ येत होता तसतशी मी आईच्या जवळ सरकत होते. मला तिच्या मनातलं काही माहीत नव्हतं. तिने काही सांगितलं नव्हतं.

वाटेतला शेवटचा थांबा, दगडी क्रूस. आईने पुस्तक मिटलं आणि ते वडिलांच्या हातात दिलं.

"थांबा," ती म्हणाली. प्रार्थनेचा आवाज नव्हता. घरातला होता. "ह्या जागेवर मी हिराबायच्या सुनेला सगळ्यांदेखत बोलले. अंगाचा वास जायचा न्हाय म्हणाले. तुम्ही ऐकलंत. काही हसलात."

माणसं चुळबुळली. मागून एक काका हळूच म्हणाले, "रोझी, प्रार्थना घे पुढं."

"घेते. आधी हे संपू दे." ती रिकाम्या वलांडीकडे तोंड करून उभी राहिली. "ती पोर काम करत होती. तिच्या हातचे बोंबील तुम्ही खाता, मी खाते. त्याच शुक्रवारी मी खाल्ले. वाईट मी बोलले. तिच्यात काही वाईट न्हाय. हे पण ऐकून ठेवा, आणि घरी जाऊन सांगा, जसं ते सांगितलंत."

कुणी हसलं नाही. मग आईने पुस्तक मागितलं, पण तिला पान सापडेना, आणि वडिलांनीच अडखळत प्रार्थना पुरी केली. त्यांचा आवाज घोगरा आणि सुराला नाही. मला ती प्रार्थना आजही त्याच आवाजात आठवते.

माणसं पांगली तेव्हा मी क्रुसापासून दहा पावलांवरच्या हिरामावशीच्या मागच्या दाराकडे बघितलं. चौकटीवर एक हात होता. बोटांची सालं निघालेला. नितेश पहाटेच्या बसने वैशालीला घेऊन आला होता. आदल्या रात्री आई भिंतीपाशी मावशीशी काय बोलत होती, ते मला आत्ता कळलं. ती बाहेर आली नाही. आईही तिकडे गेली नाही. एवढं तिला कळलं.

वैशाली राहिली. सणाच्या दिवशी आईने ताटलीभर गोड पाठवलं. आमच्याकडे शेजारची ताटली रिकामी परत पाठवत नाहीत, निदान साखर तरी ठेवतात. ती ताटली घासूनपुसून रिकामी परत आली. आईने ती उलटी करून फडताळात ठेवली. मी परीक्षा दिली, पास झाले, घरातली पहिली पदवीधर. मावशीने पेढा माझ्या तोंडात कोंबला. वैशालीने लांबून हात हलवला. त्यानंतर कधीतरी, पुष्कळ महिन्यांनी, ताटलीत दोन काकड्या आल्या. चेण्याच्या.

क्रुसापलीकडे मात्र तिने पुन्हा बोंबील टाकले नाहीत. आई सांगून थकली. तिने वलांडी लांब, खडकांच्या बाजूला नेली.

आणि तो प्रश्न वैशालीच्या जिभेवर राहिला. लग्नघरात शिरताना, बसमध्ये कुणाच्या शेजारी बसताना, पुढे पोर झालं तेव्हा त्याच्या शाळेत पालकसभेला. हळूच, बाजूच्या बाईला: "वास येत न्हाय ना?" हसून विचारते. चेष्टेत घ्यावं असं. मी कधी चेष्टेत घेऊ शकले नाही.

आता मी शांती नगरला असते. नोकरी, नवरा, मुलगी, वन बीएचके. वडील गेले, आई माझ्याकडे. तिचे गुडघे गेलेत, आवाज बसलाय. प्रार्थना आता दुसरी कुणी सांगते. बोलते अजून, पण बोलायच्या आधी ओठ एकदा मिटते. ती एवढीशी थांबण्याची जागा तिच्या तोंडात त्या वर्षी तयार झाली. माझी मुलगी तिला म्हणते, "आज्जी, तू बफरिंग होतेस." आई हसते. तिला बफरिंग कळत नाही, पण कशाबद्दल आहे ते कळतं.

आणि दर वर्षी उपवासकाळातल्या एका शुक्रवारी वैशाली येते. बोंबील घेऊन. कागदात, कागदावर पिशवी, पिशवीवर पिशवी. दारातच उभी राहते, हात मागे, आणि आत बघून विचारते, "वास येत न्हाय ना?" आणि आई खुर्चीतून म्हणते, "न्हाय येत गो. ये." दर वर्षी. तिने विचारायचं, आईने सांगायचं. फादरने दिलेल्या प्रार्थना आईने उभ्या उभ्या म्हणून टाकल्या होत्या. ही एक अजून संपली नाही.

गेल्या शुक्रवारी बेल वाजली. आई सकाळपासून नीटनेटकी बसली होती. पदर सारखा केला, दाराकडे तोंड केलं. मी दार उघडलं. वैशाली घामेजलेली, केस विस्कटलेले, हातात एकच पिशवी, तीही फाटलेली.

"काय ती रिक्षा! मिटर न्हाय, काय न्हाय, वर मलाच म्हणतो, 'मच्छी है क्या?' म्हटलं, 'है, तेरे को खाने का है?'" चपला काढून ती सरळ आत आली, पंख्याखाली बसली आणि पिशवी आईच्या मांडीवर टाकली. फाटक्या पिशवीतून बोंबलांची तोंडं बाहेर आलेली.

घरभर वास सुटला. आई वाट बघत होती. वैशाली पाणी पीत होती, माझ्या मुलीला परीक्षा कशी गेली ते विचारत होती. आई दाराकडे बघत होती, मग तिच्याकडे, मग पुन्हा दाराकडे, जणू कुणीतरी अजून यायचं राहिलंय. ओठ मिटले. उघडले.

"न्हाय येत गो," आई म्हणाली.

वैशालीने पेला खाली ठेवला.

"मी कुठं विचारलं, काकी?"

आईने पिशवीत हात घातला. एक जोडी काढली, तोंडात तोंड अडकलेली, आणि ती सोडवायचा प्रयत्न करत बसली. ती सुटेना. वैशाली उठून तिच्या पायाशी बसली, तिच्या हातातून ती जोडी घेतली आणि एका झटक्यात सोडवून दिली.

"खिडकी लावू का?" मी विचारलं. सोसायटीचा ग्रुप आठवला होता.

"राहू दे उघडी," आई म्हणाली.